रायफलीचा टेकू : घरी करावा की विकत घ्यावा?

उभ्याने किंवा बसून नेम धरताना रायफलीचा पुढचा भाग ज्यावर टेकवतात, त्या काठीला किंवा काठ्यांच्या जोडणीला शूटिंग स्टिक म्हणतात. ब्रिटनमध्ये हेच नाव आणखी एका वस्तूला आहे. तिच्या मुठीच्या जागी उघडमिट होणारी छोटी बैठक असते आणि मैदानावर उभे राहून कंटाळलेली मंडळी तिच्यावर टेकतात. त्या काठीचा नेमाशी काही संबंध नाही. इथे विषय आहे तो नेमाच्या टेकूचा. हा टेकू एका काठीचा असतो, तसाच दोन, तीन किंवा चार काठ्यांचाही असतो. हरणाच्या शिकारीला कायद्याने परवानगी असलेल्या देशांत तो घरी करणारे पुष्कळ आहेत आणि विकत घेणारेही तितकेच आहेत.

टेकूची जुनी परंपरा

बंदुकीला टेकू देण्याची रीत बंदुकीइतकीच जुनी म्हणावी लागेल. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातल्या पायदळाची तोड्याची मस्केट इतकी जड असे, की सैनिकाला बंदुकीबरोबर बेचके असलेली एक काठी वागवावी लागे. याकोब द गेन याच्या १६०७ सालच्या सचित्र कवायत-पुस्तकात ही काठी कधी हातात धरायची, कधी जमिनीत रोवायची, याचीही चित्रे आहेत. पुढे मस्केट हलकी झाली आणि काठी मागे पडली. तिबेटमधल्या तोड्याच्या बंदुकांना नळीखालीच दोन शिंगी पाय जोडलेले असत. बार काढण्यापूर्वी ते खाली उघडायचे आणि जमिनीवर टेकवायचे. अमेरिकेत १८७०च्या दशकात गवताळ मैदानांवर गव्यासारख्या बायसनची बेसुमार शिकार झाली. तिथले शिकारी शार्प्ससारख्या वजनदार रायफली दोन काठ्यांच्या फुलीवर ठेवून लांबून नेम धरत. आजही सर्वाधिक केला जाणारा घरगुती टेकू म्हणजे हीच फुली.

झाडीत टेकू का लागतो?

स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर शिकारी पालथा झोपून नेम धरू शकतो. तिथे पाठपिशवी किंवा रायफलीलाच जोडलेले दोन आखूड पाय पुरतात. इंग्लंडमधल्या झाडीत रो जातीचे छोटे हरीण गवत आणि नेच्यांच्या आड उभे असते. झोपून पाहिले तर ते दिसतच नाही. आफ्रिकेतल्या काटेरी झुडपांच्या प्रदेशातही हीच अडचण आहे. तिथे माग काढणारा सहायक किंवा वाटाड्या शिकारी तीन पायांचा टेकू पुढे नेऊन उभा करतो आणि मग पाहुणा शिकारी त्यावर रायफल ठेवतो. उभ्याने नेम धरण्याचा आणखी एक फायदा असतो. गोळी किंचित खालच्या दिशेने जाते आणि चुकली तरी मागच्या मातीत रुतण्याची शक्यता वाढते.

टेकूशिवाय उभ्याने धरलेली रायफल कधीच स्थिर राहत नाही. श्वास, नाडीचे ठोके आणि थकलेले स्नायू तिला हलवत राहतात. हे हलणे डोळ्याला किरकोळ वाटते, पण त्याचा हिशेब कठोर आहे. एक मीटर लांबीच्या रायफलीचे पुढचे टोक अर्धा मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर सरकते. छोट्या हरणाच्या मर्मस्थानाचे लक्ष्य साधारण १० सेंटिमीटर व्यासाचे धरतात. म्हणजे मधोमध धरलेला नेम एवढ्याशा हालचालीने लक्ष्याच्या कडेला जातो आणि त्यापलीकडे जनावर जखमी होऊन पळते.

पाय किती असावेत?

एका काठीने रायफलीचे वजन पेलले जाते आणि वर-खाली हलणे कमी होते. डावी-उजवी डुलणी मात्र राहते. दोन काठ्यांच्या फुलीने तीही बरीच आवरते. पुढे-मागे होणारा झोका राहतो, तो शिकाऱ्याने स्वतःच्या शरीराने थोपवायचा असतो. तीन पायांची तिपाई स्वतःच्या बळावर उभी राहते, त्यामुळे हात मोकळे होतात आणि दुर्बिणीतून बराच वेळ पाहता येते. चार काठ्यांच्या जोडणीत पुढे बेचके आणि मागे दस्त्याला आधार, असे दोन टेकू मिळतात. सर्वांत स्थिर हीच. पण ती उभी करायला जागा आणि सराव लागतो आणि जनावर सरकले तर दिशा पटकन बदलता येत नाही. पाय वाढवले की स्थैर्य वाढते आणि चपळाई घटते.

घरी करायचा तर

फुलीसाठी दोन सरळ काठ्या लागतात. ब्रिटनमध्ये हेझल किंवा ॲशची काठी, बांबू किंवा टोमॅटोच्या वेलाला लावतात तसल्या प्लास्टिकचे आवरण असलेल्या पोलादी दांड्या वापरतात. लाकूड वाळलेले असावे आणि सांध्याच्या जागी गाठ नसावी. जाडीवर कंजुषी करू नये. भरीव गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास ११ मिलिमीटरवरून १६ मिलिमीटर केला, तर तीच काठी सुमारे साडेचारपट ताठ होते. उलट लांबी दुप्पट केली, तर त्याच भाराखाली ती आठपट वाकते. बारीक आणि लांब काठ्यांचा टेकू हातात हलका लागतो आणि रायफल ठेवताच लवू लागतो, त्याचे कारण हेच.

उंची स्वतःच्या अंगाने घ्यावी. रिकाम्या रायफलीने सवयीप्रमाणे नेम धरून उभे राहावे आणि नळीखालच्या लाकडी भागापासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. समजा ते १४० सेंटिमीटर भरले. पायांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर ठेवायचे असेल, तर सांध्याखाली काठी सुमारे १४४ सेंटिमीटर हवी. सांध्यावर बेचक्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर धरले, की एकूण लांबी १६० ते १६५ सेंटिमीटर होते. काठी आधी थोडी लांबच ठेवावी, म्हणजे चुकल्यास कापता येते.

सांध्यासाठी दोन्ही काठ्यांना आरपार भोक पाडून वायसरसह नटबोल्ट घालतात. भोकामुळे काठी त्याच जागी कमजोर होते, म्हणून बोल्ट बारीक असावा. भोक पाडायचे नसेल तर सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळून बांधले तरी चालते. रबराच्या सांध्याला थोडी लवचीक ढील असते आणि ऊबडखाबड जमिनीवर ती उपयोगी पडते. बेचक्याच्या आतल्या बाजूला चामडे किंवा ट्यूबचा तुकडा लावला, की रायफल घसरत नाही आणि लाकडावर घासल्याचा आवाजही होत नाही. खाली दगडाळ जमिनीसाठी हातकाठीचे रबरी बूट आणि मऊ मातीसाठी खिळ्याचे टोक बसवतात. शेवटी चमक नसलेला हिरवा किंवा तपकिरी रंग दिला, की काम झाले.

या टेकूची मर्यादा उंचीत आहे. वरच्या उदाहरणातल्या काठ्यांचे पाय ७० ऐवजी १२० सेंटिमीटर फाकवले, तरी टेकू जेमतेम ९ सेंटिमीटर खाली येतो. उतारावरचा फरक यात भागतो. बसून नेम धरायचा असेल तर टेकू जवळपास निम्म्या उंचीवर लागतो आणि त्यासाठी दुसरी आखूड जोडी करावी लागते.

विकतच्या टेकूत काय मिळते?

विकतच्या टेकूचे पैसे प्रामुख्याने उंचीच्या बदलासाठी मोजले जातात. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या नळ्या एकात एक सरकतात. काहींना पीळ देऊन घट्ट करायची कडी असते, काहींना खटके असतात. प्रायमॉस कंपनीच्या ट्रिगर स्टिकमध्ये मुठीतला चाप दाबला की पाय सुटतात आणि सोडला की अडकतात, त्यामुळे एका हाताने क्षणात उंची बदलते. फिरते बेचके असेल तर चालणाऱ्या जनावराबरोबर नेम वळवता येतो. घडी करून पिशवीत मावणे ही विमानप्रवास करणाऱ्यासाठी मोठी सोय आहे.

तोटे त्याच यंत्रणेतून येतात. पिळाची कडी चिखल-वाळूने अडते किंवा भाराखाली हळूच सरकते. प्लास्टिकचा खटका तुटला तर रानात दुरुस्ती होत नाही. धातूची नळी दगडाला लागली, की होणारा आवाज हरीण ओळखते. म्हणून विकत घेताना पाय पूर्ण उघडून बेचक्यावर हाताने जोर द्यावा आणि कड्या सरकतात का, नळ्या खुळखुळतात का, हे दुकानातच पाहावे. धातूच्या पायांना कापडी पट्टी गुंडाळण्याची घरगुती युक्ती महागड्या टेकूलाही लागू पडते.

वापर

टेकू कोणताही असो, त्यावर नळी कधीही ठेवू नये. नळीला खालून दाब आला, की गोळीचा मार्ग बदलतो. बेचक्यात यावा तो नळीखालचा लाकडी भाग. टेकू उभा करताना रायफलीची सुरक्षा-कळ लावलेली असावी आणि बोट चापापासून दूर असावे. ब्रिटनमधल्या हरीण-शिकारीच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी १०० मीटरवर झोपून, ७० मीटरवर बसून किंवा गुडघ्यावर आणि ४० मीटरवर उभ्याने गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. शेवटच्या दोन प्रकारांत टेकू चालतो. अंतराची ही उतरती भाजणी बोलकी आहे. टेकू हाती असला तरी उभ्याने धरलेल्या नेमावर झोपून धरलेल्या नेमाइतका भरवसा ठेवत नाहीत.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद झाली आहे. तरीही टेकूचे हे गणित मराठी वाचकाला परके नाही. ताडोब्यात जड लेन्स घेऊन जाणारा छायाचित्रकार एकपायी स्टँड वापरतो किंवा जिप्सीच्या कठड्यावर कडधान्य भरलेली पिशवी ठेवतो. कॅमेरा हलण्याचे कारण तेच आहे आणि उपायही त्याच जातीचा.

निवड करताना किमतीआधी जागा पाहावी. ठरावीक रानात, सपाट जमिनीवर आणि नेहमी उभ्याने नेम धरणाऱ्यासाठी मापाने केलेली लाकडी फुली पुरेशी आहे. ती आवाज करत नाही आणि मोडली तर संध्याकाळपर्यंत नवी होते. उतार-चढावावर फिरणाऱ्याने, कधी बसून तर कधी उभ्याने नेम धरणाऱ्याने किंवा परदेशी जाणाऱ्याने उंची बदलणारा विकतचा टेकू घ्यावा. नवख्याने मात्र पहिली फुली घरीच करावी. आपल्याला नेमकी किती उंची लागते, हे ती वापरल्यावर कळते आणि पुढे दुकानात गेल्यावर तेवढेच माप सांगायचे उरते.