केमोच्या आदल्या रात्रीच्या गोळ्या कशासाठी?

दिघीहून बोटीने आगरदांडा व तेथून मुंबई गाठून केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला, औषध पॅक्लिटॅक्सेल असेल तर, पुष्कळदा आदल्या रात्री व पहाटे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायला सांगतात. औषध सलाईनमधून जायचे, मग या गोळ्या कशाला, असे नातेवाईक विचारतात. कारण बरेचसे त्या औषधाच्या द्रावणात आहे.

पॅक्लिटॅक्सेल यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत त्याची रचना शोधून १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या खानदेशचा माणूस, पण नाव किती जणांना ठाऊक? १९९२ मध्ये तिथे बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली. अडचण एकच, ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोर या पदार्थात व अल्कोहोलमध्ये ते विरघळवतात. क्रेमोफोरने काहींच्या अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब उतरतो. ते टळावे म्हणून आधी स्टेरॉइड व ॲलर्जीची औषधे.

यावर एक उपाय साबणासारखा आहे. बांगडा साफ केल्यावर हाताचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. असे रेणू गोळा होऊन तेल पोटात घेतात. पॉलिमरच्या लांब साखळीचा अर्धा भाग पाण्याचा व अर्धा तेलाचा सोबती केला, तर पाण्यात त्या साखळ्यांची आपोआप सूक्ष्म गोळी होते व औषध आत बसते. अशा गोळ्यांतले पॅक्लिटॅक्सेल दक्षिण कोरियात २००७ मध्ये मंजूर झाले.

पण रक्तात पातळ होताच गोळी फुटून औषध वाटेतच सांडू शकते. इथे साखळीच्या शेंड्याला महत्त्व येते. पाण्याचे रेणू ज्या हलक्या ओढीने एकमेकांना धरतात, ती हायड्रोजन बंधाची ओढ. युरियासारखा गट तेलाकडच्या शेंड्याला जोडला, तर गोळीच्या पोटात शेंडे एकमेकांना धरतात आणि गोळी घट्ट होऊ शकते. तोच गट पाण्याकडे असेल तर त्याचे हात पाणीच अडवून ठेवते. शेफील्ड विद्यापीठात तर बाहेरच्या शेंड्यावर एकच आम्लगट होता. पाण्याची आम्लता कमी करताच अळीसारखे लांबट कण गोल झाले! एवढ्या लांब साखळीत एका टोकाचा हा प्रताप. मात्र शेंडे असे मुद्दाम घडवण्याचे काम मुख्यतः प्रयोगशाळेतले आहे.

भारतात अल्ब्युमिन या प्रथिनावर बसवलेले, क्रेमोफोरविना पॅक्लिटॅक्सेल मिळते. त्याला सहसा या गोळ्या लागत नाहीत, पण ते महाग पडते.

नेहमीचे इंजेक्शन असेल तर गोळीची वेळ बोटीत किंवा एस.टी.त येईल, हे निघण्यापूर्वीच पाहा व गोळ्या हाताशी ठेवा. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, स्टेरॉइडने साखर वाढते. गोळी चुकलीच तर सलाईन लावण्यापूर्वी सिस्टरना सांगा, ते औषध शिरेतूनही देता येते.