पाणी तळ्याचे, पिणे हाळावर

गावतळ्यावर हिरवा थर दाटला की पहिला प्रश्न निघतो तो औषधाचा. काय टाकले म्हणजे हे शेवाळ मरेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो फार उशिरा विचारलेला असतो. शेवाळ काय, जलपर्णी काय, पाणकणीस काय, यांचे बी किंवा तुकडे वाऱ्याबरोबर, पाखरांच्या पायांना चिकटून, पुराच्या पाण्यातून कुठल्याही तळ्यात पोचतातच. ते पोचू नयेत असा बंदोबस्त आजवर कोणाला जमलेला नाही. तरीही एकाच शिवारातले एक तळे माघापर्यंत नितळ राहते आणि दुसरे दिवाळीतच हिरवेगार होते. फरक पडतो तो पाण्यात उतरणाऱ्या खाद्यामुळे. आणि जिथे गुरे पाण्याला जातात त्या तळ्यात हे खाद्य आणून टाकण्यात गुरांचाच मोठा वाटा असतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की गुरांना तळ्याचे पाणी खुशाल पाजावे, पण तळ्यात उतरवून पाजू नये. पाणी बाहेर काढून हाळावर पाजावे. शेवाळावरचा टिकाऊ उपाय तिथून सुरू होतो. औषधे, मासे, मजूर लावून केलेली सफाई हे सगळे त्यानंतरचे.

हे खाद्य म्हणजे मुख्यतः स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट शेतकऱ्याला पिकांच्या संदर्भात पाठ असते. पाण्यातल्या वनस्पतींनाही तेच लागते, पण गोड्या पाण्यात गरजेच्या मानाने सर्वांत तोकडे असते ते बहुधा स्फुरद, आणि म्हणून किती वाढ व्हायची हे तेच ठरवते. याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मिळाला. तिथे प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर मध्यावर चिंचोळे आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा सोडून सरोवराचे दोन भाग केले. कर्ब आणि नत्र दोन्ही भागांत घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. काही आठवड्यांत स्फुरदाचा भाग निळ्या-हिरव्या शेवाळाने भरून गेला आणि दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. विमानातून घेतलेला त्याचा फोटो जगभर गाजला. त्या एका प्रयोगाने धोरणकर्त्यांचे मत वळवले, कारण त्यात वादाला फारशी जागाच उरली नव्हती.

आता हे गणित आपल्या तळ्याला लावून पाहू. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे माप महाराष्ट्रात सर्वपरिचित झाले आहे. बाजूंचा उतार एकास एक धरला तर अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद झाले की शेवाळाला मनसोक्त वाढायला ते पुरते. म्हणजे अख्ख्या तळ्याला फक्त २२० ग्रॅम, पाव किलोपेक्षाही कमी. मध्यम बांध्याची गाय दिवसाकाठी १२ ते १५ किलो शेण टाकते आणि त्यात ढोबळमानाने १० ग्रॅम स्फुरद असते. २० जनावरांचा कळप रोज पाण्याला येत असेल आणि त्यांच्या शेणाचा केवळ दहावा हिस्सा पाण्यात पडत असेल, तरी रोजचे २० ग्रॅम होतात आणि ११ दिवसांत २२० ग्रॅमचा हिशेब पुरा होतो. पाण्यात उभे राहिले की शेण-मूत्र टाकण्याची जनावरांची सवय गुराख्याला सांगायला नको. हे सगळे स्फुरद लगेच विरघळत नाही, बरेचसे गाळात बसते, हे मान्य. पण गाळात बसले म्हणजे गेले असे होत नाही. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाला धरून बसलेले स्फुरद सुटते आणि पुन्हा पाण्यात येते. गुरांचे खूर तोच गाळ रोज ढवळतात आणि काठही तोडत राहतात. त्यात चैत्र-वैशाखात पाणी आटत जाते, म्हणजे उरलेल्या थोड्या पाण्यात तेच स्फुरद आणखी दाटते.

हिरवे दिसणारे सगळेच सारखे धोक्याचे नसते, आणि इथे जरा थांबून पाहायला हवे. हातात रबरी मोजे घालून एक काठी पाण्यात फिरवावी आणि वर काढावी. काठीला लांब धागे लोंबत आले तर ते तंतुमय शेवाळ. दिसायला वाईट, पण गुराला सहसा अपाय न करणारे. धागा न येता काठी नुसत्या हिरव्या रंगाने माखली तर संशय घ्यावा. मग काचेची बरणी पाऊण भरून रात्रभर न हलवता ठेवावी. साधे हिरवे शेवाळ तळाशी बसते. निळे-हिरवे शेवाळ पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे वर येते आणि काचेला लागून हिरवे कडे धरते. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण गुरे त्या काठापासून दूर ठेवायची की नाही एवढे ठरवायला ती पुरेशी आहे. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृतावर आणि मज्जातंतूंवर घाला घालणारी विषे तयार करतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरे, कुत्री मेल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ सालीच ‘नेचर’ नियतकालिकात लिहिले होते. २०२० साली बोत्सवानात तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारनेही पाणवठ्यांतल्या याच शेवाळाच्या विषाकडे बोट दाखवले. वारा हा थर एका काठाला लोटतो आणि जनावर पाणी पिते तेही काठाशीच. त्यामुळे मधले पाणी बरे असले तरी तोंडात जाणारा घोट सर्वांत वाईट असू शकतो.

मग मोरचूद का टाकू नये? द्राक्षवाल्याच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी तो असतोच आणि २२ लाख लिटरला एक-दोन किलोत काम होईल असा हिशेबही कोणी मांडून देतो. पाण्यातले शेवाळ मोरचुदाने मारण्याची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ साली प्रसिद्ध केली, आणि शेवाळ त्याने मरते यात शंका नाही. अडचण मेल्यानंतर सुरू होते. निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष जिवंतपणी बरेचसे पेशीच्या आत असते. मोरचुदाने पेशी फुटल्या की ते एकदम पाण्यात मोकळे होते. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली हेच घडले. धरणातल्या शेवाळाच्या तक्रारी आल्या म्हणून मोरचूद टाकला गेला आणि पुढच्या काही दिवसांत १४८ जण यकृताच्या व आतड्यांच्या त्रासाने आजारी पडले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. पाणी उकळून यातली बरीच विषे जात नाहीत. दुसरी गोष्ट, दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुतेक ठिकाणी जड असते; अशा पाण्यात तांब्याचा साका होऊन ते खाली बसते, म्हणून मात्रा वाढवण्याचा मोह होतो. खाली बसलेले तांबे गाळातच राहते. मेंढ्यांना तांबे इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधते. धनगरांचे वाडे ज्या तळ्यावर उतरतात तिथे मोरचूद टाकणे मला सरळ बेजबाबदारपणाचे वाटते. आणि इतके करून मेलेले शेवाळ कुजते, प्राणवायू संपवते, मासे मरतात आणि शेवाळातले स्फुरद पुढच्या पिढीच्या शेवाळासाठी तिथेच शिल्लक राहते. तणनाशकाने जाळलेल्या जलपर्णीचीही गत हीच.

तणांच्या बाबतीत हाताने काढणे हा उपाय कष्टाचा असला तरी विचाराने बरोबर आहे, कारण त्यात स्फुरद खरोखर तळ्याबाहेर जाते. एक टन ओल्या जलपर्णीत जेमतेम ५० किलो कोरडा पदार्थ असतो, बाकी पाणीच. त्या ५० किलोंत स्फुरद असेल दीडशे-दोनशे ग्रॅम. आकडा लहान वाटेल, पण आपल्या तळ्याचे सारे गणित २२० ग्रॅमचे होते हे लक्षात घ्यावे. मात्र काढलेले तण काठावर ढीग करून ठेवले तर पहिल्याच पावसात ते कुजून पाण्यात परत येते. ते बांधाच्या पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला नेऊन त्याचे कंपोस्ट करावे. काढायचेही फुले येण्याआधी, कारण जलपर्णीचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. काठावरची बेशरम तोडून तिथेच टाकू नये; तिच्या प्रत्येक कांडीला मुळे फुटतात आणि शेळ्यांनी ती सतत खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. पाणकणीस सगळा उपटण्याचा हट्ट मात्र नको. ओढा जिथून तळ्यात शिरतो त्या तोंडाशी त्याचा पट्टा राहिला तर तो येणारा गाळ अडवतो. किडे आणि मासे यांचाही उपयोग आहे, पण मर्यादेत. जलपर्णी खाणारे नियोचेटिना भुंगेरे १९८२ साली भारतात आणून बंगळूरहून त्यांचा प्रसार झाला. बारमाही पाण्यात त्यांनी काही ठिकाणी उत्तम काम केले, पण दरवर्षी आटणाऱ्या तळ्यात त्यांची संख्या वाढायला सवडच मिळत नाही. गवत्या मासा १९५९ साली भारतात आला. तो पाण्याखालची मऊ तणे भरपूर खातो, जलपर्णीला आणि पाणकणसाला फारसे तोंड लावत नाही, आणि खाल्लेल्यातले निम्मे न पचता पुन्हा पाण्यातच सोडतो.

हाळाकडे वळण्यामागे केवळ तर्क नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ओढ्यावर चरणाऱ्या गुरांसाठी तिथे काठापासून दूर पाण्याचा हौद ठेवला गेला. कुंपण घातले नाही, ओढा मोकळाच होता. तरीही पाणी प्यायच्या दहापैकी नऊ खेपांना गुरे हौदावर गेली आणि ओढ्याच्या पाण्यातले स्फुरद सुमारे ८१ टक्क्यांनी घटले. चिखलात पाय रुतवण्यापेक्षा कोरड्या जागी स्वच्छ पाणी जनावरालाही आवडते. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वच्छ पाणी प्यायलेल्या कालवडींचे वजन तळ्यात उतरून पिणाऱ्या कालवडींपेक्षा २३ टक्के जास्त वाढले. पण त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही सांगायला हवी. तळ्याचेच घाण पाणी पंपाने हौदात आणून पाजले तेव्हा फायदा जवळजवळ दिसला नाही. म्हणजे हौद बांधून भागत नाही. तळे स्वच्छ होईपर्यंत ही व्यवस्था चालू राहायला हवी. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडावे लागते. गुरांच्या यकृतात शिरणारी पर्णकृमी काठावरच्या गोगलगायींत वाढते आणि पाण्यालगतच्या गवताला चिकटून राहते. गळ्याखाली सूज आलेले जनावर बहुतेकदा असाच काठ चरलेले असते.

खर्चाचा आक्षेप पहिला येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पाझर तलाव बहुतेक ठिकाणी उंचावर आणि गुरांची वाट बांधाच्या खालच्या अंगाला असते. बांधावरून टाकलेल्या पाइपाने सायफन करून पाणी खाली आणता येते, वीज लागत नाही. पाइपाचे तोंड पृष्ठभागाच्या हातभर खाली आणि तळाच्या वर राहील असे तरंगते बांधावे, त्याला जाळी लावावी आणि हाळात फ्लोट व्हॉल्व्ह बसवावा. याहून चांगले म्हणजे तलावाखालच्या विहिरीचे पाणी, कारण ते जमिनीतून गाळून आलेले असते. उन्हाळ्यात जनावराला ५० ते ६० लिटर धरले तर ५० जनावरांना रोज तीन हजार लिटर पुरतात. हाळाभोवती दगडाची फरसबंदी हवी, नाहीतर तिथेच नवा चिखल होतो. आणि आतून चुना लावण्याची जुनी पद्धत पाळली तर हाळात शेवाळ धरत नाही. दुसरा आक्षेप म्हशींचा, आणि तो अगदी रास्त आहे. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी. डुंबणे ही तिची शरीराची गरज आहे. तिला पाणी बंद करणे क्रूरपणा होईल. तिच्यासाठी बांधाखाली वेगळे डबके राखावे किंवा तळ्याचा एकच कोपरा मुरूम-दगड टाकून उताराचा करावा आणि बाकी काठ काटेरी कुपाटीने बंद करावा. पोळ्याला बैल धुवायलाही तोच कोपरा पुरतो. तिसरा आक्षेप असा की दोष गुरांचा नाही, खतांचा आणि सांडपाण्याचा आहे. पुष्कळ ठिकाणी हेही खरे आहे. गावठाणाचे गटार किंवा उसाच्या शेतातून वाहून आलेले डीएपी ज्या तळ्यात उतरते तिथे नुसत्या हाळाने पाणी सुधारणार नाही. गटार आधी वळवावे लागेल. पण शिवारातल्या असंख्य लहान तळ्यांना गटार नाही, कारखाना नाही. तिथे रोज ठरल्या वेळी येणारी भर गुरांचीच आहे.

पूर्वीही गुरे तळ्यातच उतरत होती, तेव्हा कुठे एवढे शेवाळ होते, असे वडीलधारी मंडळी विचारतात. पूर्वी उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्या भरभरून शेतात जात असे, आणि त्याबरोबर वर्षभराचे स्फुरदही जाई. ती रीत मोडली आणि भर मात्र चालू राहिली. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेकडे साठवण वाढवणारी म्हणून पाहिले जाते. शेवाळाच्या दृष्टीनेही तिचे मोल तेवढेच आहे. माघ-फाल्गुनात पाणी मागे सरकले की हाळ, फरसबंदी आणि म्हशींचा कोपरा यांचे काम उरकावे, वैशाखात गाळ काढावा. जिथे गाळ काढणे जमले नाही तिथे पहिले एक-दोन उन्हाळे तळे हिरवेच दिसेल, कारण जुना साठा गाळातून सुटत राहतो. ग्रामसभेत हाळाचा ठराव मांडतानाच ही मुदत सांगून ठेवावी, म्हणजे पहिल्याच वैशाखात कोणी मोरचुदाची पोती घेऊन येणार नाही.