सेंट जॉन नदीचे वरचे खोरे : सीमाभागातील निसर्गविहार आणि फ्रेंच वारसा

सारांश :
अमेरिकेचे मेन राज्य आणि कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत यांच्या सीमेवरील सेंट जॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात अकेडियन व क्वेबेकी वंशाचा फ्रेंचभाषक समाज राहतो. नौकाविहार, मासेमारी आणि हिमक्रीडा यांसाठी हा ग्रामीण प्रदेश प्रसिद्ध आहे. येथील निसर्गविहार आणि फ्रेंच वारसा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे आणि भाषा टिकविण्याच्या संदर्भात पर्यटनाची मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : सीमाभाग, अकेडियन समाज, वारसा पर्यटन, निसर्गविहार, भाषा-धोरण

प्रस्तावना :
पर्यटनाच्या अभ्यासात निसर्ग पर्यटन आणि वारसा पर्यटन असे दोन स्वतंत्र प्रकार मानण्याची प्रथा आहे. पहिल्यात डोंगर, नद्या, अरण्ये येतात. दुसऱ्यात किल्ले, मंदिरे, संग्रहालये. अध्यापनाच्या सोयीसाठी हे वर्गीकरण ठीक असले, तरी काही प्रदेश असे आहेत की जेथे एक प्रकार दुसऱ्यावाचून समजतच नाही. सेंट जॉन नदीचे वरचे खोरे हा असाच एक प्रदेश होय. येथे येणारा प्रवासी ज्या नदीत होडी वल्हवितो, त्याच नदीने एका समाजाला प्रथम आश्रय दिला आणि पुढे दोन राष्ट्रांत विभागले. ज्या बर्फावर तो खेळतो, त्याच बर्फात या समाजाने आपले पहिले हिवाळे काढले. हा संबंध ध्यानात घेतला नाही, तर पाहुण्याला निसर्ग दिसतो, प्रदेश मात्र दिसत नाही.

१. प्रदेशाचा परिचय :
सेंट जॉन नदीची एकूण लांबी सुमारे ६७३ किलोमीटर आहे. मेनच्या अरण्यात उगम पावून ती न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉन शहराजवळ फंडीच्या उपसागरास मिळते. प्रवाहाच्या मधल्या एका टप्प्यात ती दोन देशांची सीमा बनते. दक्षिण तीरावर मेनच्या अरूस्टुक परगण्यातील फोर्ट केंट, फ्रेंचव्हिल, मॅडावास्का, ग्रँड आयल व व्हॅन ब्यूरेन ही गावे आहेत. उत्तर तीरावर क्लेअर, एडमंडस्टन आणि सेंट लेओनार ही कॅनडातील गावे येतात. अरूस्टुक परगण्याचे क्षेत्रफळ साडेसतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून बटाट्याची शेती आणि लाकूडतोड हे त्याचे जुने आधार आहेत.

या भूमीचे मूळ रहिवासी वोलास्टोकियिक लोक होत. नदीला ते 'वोलास्टोक' म्हणतात. सुंदर आणि समृद्ध नदी असा त्याचा अर्थ सांगितला जातो. फ्रेंचभाषक येथे आले, तेव्हा हे खोरे निर्मनुष्य नव्हते, ही गोष्ट वारशाचा विचार करताना विसरता येत नाही.

२. विस्थापन आणि वसाहत :
इ.स. १६०५ मध्ये फ्रेंचांनी आजच्या नोव्हा स्कोशियात पोर्ट रॉयल येथे वस्ती केली. तेथून विस्तारलेल्या फ्रेंच वसाहतीला अकेडिया हे नाव मिळाले. १७१३ च्या उट्रेख्ट तहान्वये नोव्हा स्कोशियाचा मुख्य भूभाग ब्रिटिशांकडे गेला. तेथील फ्रेंचभाषक कॅथलिक शेतकऱ्यांनी ब्रिटिश राजसत्तेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. परिणामी १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना हद्दपार करण्यास आरंभ केला. पुढील काही वर्षांत दहा हजारांहून अधिक अकेडियन आपल्या भूमीतून हुसकले गेले. अकेडियन स्मृतीत ही घटना 'महाविस्थापन' म्हणून कोरली गेली आहे.

काही कुटुंबांनी सेंट जॉन नदीच्या खालच्या खोऱ्यात आसरा घेतला. तथापि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८३ मध्ये, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले निर्वासित तेथे मोठ्या संख्येने आले आणि अकेडियनांना पुन्हा स्थलांतर करावे लागले. नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर सरकत १७८५ मध्ये त्यांतील काही कुटुंबे मॅडावास्काला पोहोचली. लवकरच क्वेबेकमधील फ्रेंचभाषक कुटुंबे त्यांना येऊन मिळाली. आजचा समाज या दोन प्रवाहांच्या संगमातून घडला आहे. म्हणूनच येथील सर्वच लोक स्वतःला अकेडियन म्हणवीत नाहीत. एडमंडस्टनच्या परिसरातील अनेक जण स्वतःला 'ब्रेयाँ' म्हणवितात.

३. नदीची सीमा झाली :
१७८३ च्या पॅरिस तहात या भागातील सीमेचे वर्णन संदिग्ध होते. इमारती लाकडाने समृद्ध असलेल्या अरण्यावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला आणि १८३८-३९ मध्ये 'अरूस्टुक युद्ध' उभे राहिले. सैन्याची जमवाजमव झाली, पण लढाई झाली नाही. फोर्ट केंट येथील लाकडी गढी ही त्या काळाची खूण असून पर्यटक ती आजही पाहू शकतात. अखेरीस १८४२ च्या वेब्स्टर-अ‍ॅशबर्टन तहाने नदी हीच सीमा ठरविण्यात आली.

राजनैतिकदृष्ट्या हा तोडगा शहाणपणाचा होता. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर एकच समाज नांदत होता. कुणाचे घर अमेरिकेत राहिले, तर भावाचे शेत ब्रिटिश हद्दीत गेले. तोपर्यंत ये-जा करण्याचा मार्ग असलेली नदी आता दोन राष्ट्रांची रेषा ठरली. प्रवाशाने तीरावर उभे राहून समोरच्या गावातील चर्चचा मनोरा पाहावा, म्हणजे या निर्णयाचा मानवी अर्थ कळतो.

४. शाळा आणि भाषा :
सीमेचा खरा परिणाम भाषेवर झाला. १८७८ मध्ये या फ्रेंचभाषक भागासाठी इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक तयार करणारी एक अध्यापक-शाळा स्थापन झाली. १९१९ मध्ये मेन राज्याने कायदा करून शाळांतील सर्वसाधारण विषयांचे अध्यापन इंग्रजीतूनच व्हावे, असे ठरविले. परकीय भाषेचा तास तेवढा अपवाद होता. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत. घरी आईशी बोलायची भाषा शाळेच्या दारात टाकून यायची, असा हा व्यवहार होता.

हा कायदा १९६९ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकने राजभाषा कायदा संमत करून इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा दिला. एकाच नदीच्या दोन तीरांवरील भाषिक स्थितीतील आजचे अंतर समजण्यासाठी हा योगायोग महत्त्वाचा आहे. उत्तर तीरावर फ्रेंच ही शाळेची, कार्यालयाची आणि विद्यापीठाची भाषा झाली. एडमंडस्टन येथे माँक्टन विद्यापीठाचा फ्रेंच माध्यमाचा परिसर आहे. दक्षिण तीरावर मात्र बंदी उठली तरी फ्रेंच मुख्यतः घराची आणि ज्येष्ठांची भाषा राहिली. पन्नास वर्षांत दोन पिढ्यांनी मुलांशी इंग्रजीत बोलण्याची सवय लावून घेतली होती. कायदा एका दिवसात रद्द करता येतो, सवय नाही.

१८७८ ची ती अध्यापक-शाळा पुढे मेन विद्यापीठाची फोर्ट केंट येथील शाखा बनली. १९९० मध्ये याच संस्थेत अकेडियन अभिलेखागार सुरू झाले. इंग्रजीच्या प्रसारासाठी जन्मलेल्या संस्थेत आज फ्रेंच गाणी, कथा, पत्रे आणि ध्वनिमुद्रणे जतन केली जातात. शिक्षणसंस्था आपल्या पूर्वजांच्या धोरणाचे परिमार्जन कसे करू शकते, याचे हे उदाहरण महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष विचारप्रवृत्त करणारे आहे.

५. वारशाची स्थळे :
१९९० मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसने मेनमधील अकेडियन संस्कृतीच्या जतनासाठी कायदा केला. स्थळांचे जतन आणि माहितीप्रसार यांसाठी राष्ट्रीय उद्यान सेवेचे साहाय्य त्यामुळे उपलब्ध झाले. व्हॅन ब्यूरेनजवळील अकेडियन ग्रामात जुनी घरे, प्रार्थनास्थळ, शाळा यांचे दर्शन घडते. ग्रँड आयल परिसरातील लील येथील जुने चर्च आता संग्रहालय झाले आहे. मॅडावास्का येथे पहिल्या कुटुंबांच्या आगमनाची स्मृती म्हणून क्रूस उभारला आहे. त्याच गावातील 'तांत ब्लांश' संग्रहालय एका स्त्रीच्या नावाने ओळखले जाते. १७९७ च्या दुष्काळात मार्गरीत ब्लांश थिबोदो हिने हिमपादुका घालून घरोघरी अन्न व कपडे पोहोचविले, अशी तिची आठवण सांगितली जाते. 'तांत' म्हणजे मावशी किंवा आत्या. साऱ्या वस्तीने तिला हे नाते दिले.

वारसा केवळ वास्तूंत नसतो. कुट्टूच्या पिठाचे 'प्लॉय' हे येथील रोजचे खाणे आहे. आपल्या घावनाप्रमाणे ते तव्यावर घालतात. जाळी पडली की उतरवितात, उलटीत नाहीत. लोणी वा मेपलच्या पाकाबरोबर ते खाल्ले जाते. १५ ऑगस्ट हा अकेडियनांचा राष्ट्रीय दिन होय. तिरंगी फ्रेंच ध्वजावर पिवळा तारा असलेला त्यांचा ध्वज १८८४ मध्ये स्वीकारला गेला. ऑगस्ट २०१४ मधील जागतिक अकेडियन संमेलन मेन, न्यू ब्रन्सविक आणि क्वेबेक यांच्या या सीमाभागात संयुक्तपणे भरले होते.

६. निसर्गविहार :
उन्हाळ्यात येणाऱ्यांचे मुख्य आकर्षण अलागाश अरण्य जलमार्ग हे असते. सुमारे १४८ किलोमीटर लांबीचा हा जलमार्ग मेन राज्याने १९६६ मध्ये संरक्षित केला. सरोवरे आणि नदी यांतून होडीने केलेला हा प्रवास कित्येक दिवसांचा असतो. फिश नदीवरील सरोवरांच्या मालिकेत मासेमारी चालते. फोर्ट केंटपासून जुन्या लोहमार्गाच्या जागी पायवाट झाली आहे. एडमंडस्टनहून क्वेबेककडे जाणारा सायकलमार्गही एका बंद पडलेल्या लोहमार्गावरच आहे. फोर्ट केंट हे अमेरिकेच्या 'राष्ट्रीय मार्ग १' चे उत्तर टोक आहे. दक्षिण टोक फ्लोरिडातील की वेस्ट येथे, सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहे.

हिवाळ्यात सरोवरे गोठतात आणि बर्फाला भोके पाडून मासे धरले जातात. हिमवाहनांसाठी मार्गांचे विस्तृत जाळे आहे. स्कीइंग व नेमबाजी यांचा संगम असलेल्या बायथलॉन या क्रीडाप्रकाराच्या विश्वचषक स्पर्धा फोर्ट केंट येथे २००४ आणि २०११ मध्ये झाल्या. कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांची सुमारे ४०० किलोमीटरची शर्यत येथे १९९३ मध्ये सुरू झाली.

यातील एक सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. होडी, हिमपादुका, घसरगाडी आणि बर्फातील मासेमारी ही आज मौजेची साधने असली, तरी एकेकाळी ती जगण्याची साधने होती. त्यांतील होडी आणि हिमपादुका ही येथील मूळ रहिवाशांची देणगी आहे. तांत ब्लांशच्या पायांतील हिमपादुका आणि पर्यटकाने भाड्याने घेतलेल्या हिमपादुका यांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे; पण बर्फ तोच, वाट तीच. येथे निसर्गविहार आणि वारसा असा भेद उरत नाही.

७. सीमा ओलांडताना :
एकेकाळी स्थानिकांना नदीपलीकडे जाणे सहज शक्य होते. २००१ नंतर तपासणी कडक झाली आणि जून २००९ पासून भूमार्गाने अमेरिकेत प्रवेश करण्यासाठी पारपत्र किंवा तत्सम मान्य कागदपत्र आवश्यक झाले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे अनावश्यक प्रवास थांबविण्यात आला. लसवंत अमेरिकनांसाठी कॅनडाने ९ ऑगस्ट २०२१ रोजी, तर लसवंत परदेशी प्रवाशांसाठी अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ रोजी भूसीमा खुली केली. एका पुलाच्या दोन टोकांना राहणाऱ्या आप्तांना दीड वर्ष नदीकडे पाहत बसावे लागले. मॅडावास्का आणि एडमंडस्टन यांना जोडणारा १९२१ चा पूल जीर्ण झाल्याने २०२४ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

प्रवाशाने काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. पूल ओलांडताच घड्याळ एक तासाने पुढे जाते आणि चलन बदलते. भारतीय पारपत्रधारकास सामान्यतः दोन्ही देशांचे स्वतंत्र प्रवेशपरवाने लागतात. अमेरिकेत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी परतीच्या प्रवेशाची कागदपत्रे आधीच तपासून घ्यावीत. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत काळ्या माश्यांचा उपद्रव असतो. बँगोर शहरापासून फोर्ट केंट सुमारे ३०० किलोमीटरवर असून स्वतःच्या वाहनावाचून या भागात फिरणे कठीण आहे.

८. पर्यटनाची मर्यादा :
पर्यटनामुळे वास्तूंची डागडुजी होते, उपाहारगृहात प्लॉय मिळत राहते, उत्सव भरतात. ज्या प्रदेशातून तरुण रोजगारासाठी बाहेर पडतात, तेथे हे उत्पन्न मोलाचे आहे. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, ज्या भाषेबद्दल मुलांना लाज वाटावी अशी व्यवस्था होती, ती ऐकण्यासाठी आज पाहुणे दुरून येतात. लाजेचे रूपांतर अभिमानात होण्यास या पाहुण्यांचा हातभार लागला आहे.

तथापि भाषेची गोष्ट वेगळी आहे. चर्चचे संग्रहालय करता येते. भाषेचे संग्रहालय झाले, की ती संपलेली असते. पाहुण्यासाठी फलकावर लिहिलेले चार फ्रेंच शब्द म्हणजे भाषेचे जीवन नव्हे. उत्तर तीरावर फ्रेंच टिकली, ती तेथे पर्यटक अधिक गेले म्हणून नव्हे. शाळा, कायदा आणि चरितार्थ यांची भाषा ती होती म्हणून. दक्षिण तीरावर यांपैकी काहीच पुरेसे नव्हते.

निष्कर्ष :
१. सेंट जॉनच्या वरच्या खोऱ्यात निसर्गविहार व फ्रेंच वारसा यांचा उगम एकाच जीवनपद्धतीत आहे. म्हणून त्यांचा अभ्यास आणि अनुभव एकत्रितपणे घेणे इष्ट ठरते.
२. सीमारेषेपेक्षा तिच्या दोन बाजूंच्या शैक्षणिक धोरणांनी भाषेचे भवितव्य अधिक निश्चित केले.
३. पर्यटन वास्तू, खाद्यपरंपरा आणि स्वाभिमान यांना बळ देते. भाषेच्या संक्रमणाची जबाबदारी मात्र घर आणि शाळा यांनाच पेलावी लागते.

या प्रदेशास भेट देणाऱ्याने होडी वल्हवावी, बर्फात हिंडावे, प्लॉय खावे. आणि शक्य झाल्यास एखाद्या ज्येष्ठाशी दोन शब्द त्याच्या भाषेत बोलावेत. ज्यांना एकेकाळी ते शब्द उच्चारल्याबद्दल शिक्षा झाली, त्यांना एका परक्याच्या तोंडून ते ऐकताना काय वाटत असेल, हे समजून घेणे हाही या प्रवासाचाच भाग आहे.