लाकूड फोडणारा हात आणि त्याचा मोजा

दिवाळीच्या अंकात हातमोज्यांवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. चकल्या-करंज्यांच्या दिवसांत हा रुक्ष विषय कशाला? पण खानदेशातल्या गृहिणीला तसे वाटणार नाही. जळगाव-धुळ्याच्या घरोघरी गॅस आला, तरी लाकडाची गरज सरलेली नाही. अभ्यंगस्नानाच्या पहाटे काही घरांत अजून तांब्याचा बंब पेटतो. खापरावरचे मांडे लाकडाच्या जाळावरच भाजावेत, असा सुगरणींचा आग्रह असतो. थंडी पडली, की शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताचे बेत रंगतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या जाळासाठी काड्या मोडणाऱ्या आणि लाकडे फोडणाऱ्या हातांची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

आपल्याकडचे सरपण म्हणजे मुख्यतः बाभूळ. जळायला उत्तम, पण हाताला वैरीण! तिचे लाकूड कठीण, फांद्यांवर लांब पांढरे काटे. नदीनाल्यांच्या काठी माजलेली वेडी बाभूळ तर त्याहून खट्याळ. तिचा काटा आत मोडला तर बोट सुजून बसते. मजुराचे बोट सुजले, की त्याची रोजी बुडते. म्हणून मोज्याचा विचार हा चैनीचा नव्हे, पोटाचा विचार आहे.

धुळ्याच्या एका वखारीत लाकडे फोडणाऱ्या गृहस्थांना मी विचारले, “काय हो दादा, हातमोजे का घालत नाही?” ते हसून म्हणाले, “भाऊ, ढिला मोजा घाला का कुऱ्हाड हातमा ऱ्हास नही.” त्या एका वाक्यात मोजे निवडण्याचे अर्धे शास्त्र आले!

पहिली गोष्ट मापाची. आपण बाजारातून एकच मोठा जोड आणतो आणि तो घरधन्यापासून गड्यापर्यंत सर्वांना चालेल असे धरून चालतो. तसे होत नाही. अंगठा सोडून पंजाचा घेर फितीने मोजावा. तो आठ इंच भरला तर साधारण आठ नंबरचा मोजा बसतो. बोटांच्या टोकाशी मोकळी पिशवी लोंबता कामा नये. बायकांच्या हातांना बहुधा लहान नंबर लागतो, आणि काड्या मोडण्याचे, सरपण रचण्याचे काम तर बहुतेक घरी त्याच करतात.

दुसरी गोष्ट कामाची. कुऱ्हाड चालवताना खालचा हात दांड्याच्या टोकाशी घट्ट असतो आणि वरचा हात दांड्यावरून सरकत खाली येतो. तळव्याला रबर लावलेला मोजा तेथे चिकटतो, गुळगुळीत सुती मोजा निसटतो. म्हणून कुऱ्हाडीला पातळ, मऊ आणि अंगाबरोबर बसणारा कातडी मोजाच बरा. तो नसेल तर उघडा हात पत्करला. कुऱ्हाडीचा घाव कोणताही मोजा अडवत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवावे. ढलपी हाताने धरून तिच्यावर घाव घालू नये. फिरत्या करवतीजवळ तर मोजा नकोच. कापड पात्यात सापडले, की हातही ओढला जातो.

मोळी उचलणे आणि सरपण रचणे हे वेगळे काम. तेथे जाड कातड्याचा, मनगट झाकणारा मोजा हवा. काही मोज्यांवर युरोपातल्या ‘ईएन ३८८’ या मानकाचे आकडे असतात: घासणे, कापणे, फाटणे, टोचणे, या क्रमाने. मात्र टोचण्याची परीक्षा जाड टोकाच्या खिळ्याने घेतात. बाभळीचा काटा त्याहून कितीतरी बारीक! तेव्हा आकडा मोठा दिसला, तरी तळव्याचे कातडे स्वतः चिमटीत धरून पाहावे.

तिसरी गोष्ट ऋतूची. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा पाठीला सुती कापड आणि तळव्याला कातडे असा मोजा सुसह्य होतो. पावसाळ्यात ओल्या सरपणाला रबर लावलेला विणीचा मोजा चांगला. कातडे भिजून निसरडे होते. भिजलेला कातडी मोजा चुलीजवळ वाळवू नये, तो कडक होऊन तडकतो. सावलीत वाळवून किंचित तेल चोळावे. थंडीत हात आधीच फुटलेले असतात, तेव्हा मोज्याला विसरू नये. सारांश, बारा महिन्यांना एक जोड पुरत नाही, दोन लागतात.

आणखी एक दक्षता. सरपणाच्या ढिगात विंचू राहतो आणि रात्री पडून राहिलेल्या मोज्यातही शिरतो. घालण्यापूर्वी मोजा उलटा करून झटकावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. काटा खोल रुतला आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तरीही डॉक्टरांकडे जावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरचे लाकूड बहुधा आपण फोडत नाही. फोडणारा येतो, तासभर घाम गाळतो, पैसे घेऊन जातो. मोजे मात्र आपण आपल्या हाताला घालून पाहतो! यंदा दिवाळीची पोस्त देताना त्याच्या हाताचे माप घ्या आणि त्याला जोड त्याच मापाचा आणा. सरपण रचणाऱ्या बाईंनाही वेगळा, त्यांच्या मापाचा द्या. आणि जोड फाटला, की दुसरा देण्यास पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.