गाडीच्या पुढच्या चाकाखालचा आवाज : पार्ट बदलण्यापूर्वी पारख करा

पुण्याहून सिंहगड रोडने खडकवासल्याकडे माल नेणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंकडे बहुधा जुनी ओम्नी, ईको नाही तर वॅगन-आर असते. कापडाची थाने मागे भरलेली, रस्त्यावर गतिरोधक आणि खड्डे, पावसाळ्यात धरणाच्या चौपाटीवर गर्दी. अशा रस्त्यावर पुढून ‘खट्’ आवाज येऊ लागला की मिस्त्री म्हणतो, “शेठ, पूर्ण खालचं काम करावं लागेल.” निम्म्या वेळा तशी गरज नसते.

या गाड्यांची पुढची रचना सारखीच आहे. जंपर आणि स्प्रिंग एकाच उभ्या दांड्यावर बसवलेली असतात. अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. वरचे टोक रबरी माउंटमध्ये, खालच्या बाजूला लोअर आर्म. आर्मच्या एका टोकाला रबरी बूश आणि दुसऱ्याला बॉल जॉइंट. पद्मिनीत वर-खाली दोन आर्म असत, त्यामुळे जुन्या मिस्त्रींचा अंदाज नव्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पहिली पारख म्हणजे आवाज केव्हा येतो, हे पाहणे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले आणि ‘टण्’ वाजले, तर संशय वरच्या माउंटवर किंवा त्याच्या बेअरिंगवर. ब्रेक मारताच एकदाच ‘ठक्’ वाजले, तर आर्मचे बूश. खडबडीत रस्त्यावर खडखड होते, पण ब्रेक पॅडलवर हलका पाय ठेवताच थांबते, तर दोष सस्पेन्शनचा नसून ब्रेकच्या पॅडचा असण्याची शक्यता जास्त. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची किंवा एकसारख्या न झिजलेल्या टायरची.

ज्या गाडीत स्टॅबिलायझर बार आहे, तिची एक सोपी खूण आहे. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की खडखडते, पण दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली की गप्प राहते. दोन्ही चाके सारखी उचलली जातात तेव्हा त्या बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंकवर जोर येत नाही. लिंक स्वस्त असते. ती सोडून जंपरची जोडी बदलली तर पैसे गेले आणि आवाज तसाच.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘कट-कट’ वाजले तर ॲक्सलचा सी.व्ही. जॉइंट. पण हे वॅगन-आरसारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत. ओम्नी आणि ईकोची मागची चाके ढकलतात. तिथे कोणी पुढचा ॲक्सल बदलायला सांगितले, तर सलाम करून दुसरा मिस्त्री शोधावा.

सपाट जागेवर जॅक लावून, मागच्या चाकांना दगड आणि गाडीखाली घोडी देऊन, चाक वर-खाली धरून हलवा. ढिले लागले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावीकडून उजवीकडे ढिले लागले तर टाय रॉड एंड. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर ढिलेपणा गेला, तर बहुधा बेअरिंगच. जंपरवर तेल ओघळलेले दिसले तर तो गेला. तो जोडीनेच बदलावा. रबर कुरकुरत असेल तर साबणाचे पाणी मारून पाहा. आवाज काही वेळ गेला तर जागा सापडली. जळके ऑइल मात्र रबराला कधीही लावू नये, ते रबर फुगवते आणि खाते.

बाकी आवाजांना आठवडाभर सवलत देता येईल, पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड ढिला असेल तर एक दिवसही नाही. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवे पडते. सिंहगडाच्या घाटात उतरणीवर तसे झाले तर काय होईल, हे सांगायला नको. लहान खेपेलाही ती गाडी काढू नये.

गॅरेजवाल्या बंधूंनाही एक विनंती. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. जुनी गाडी विकताना टेप मोठा लावून खडखड झाकण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. थानातला डाग घडीच्या आत दाबून विकणे आणि हे, यात फरक नाही. मालातला ऐब सांगूनच सौदा करावा, असा आपल्याकडे हुकूम आहे. विकत घेणाऱ्याने मात्र टेप बंद करून, काच खाली करून, भिंतीलगत सावकाश गाडी चालवावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचा आहे ते कळते. टाय रॉडचे काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे, नाही तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजतील.