नळीवरचं नाव

निवडणूक जाहीर झाली की बांद्याच्या पोलीस ठाण्यात बंदुका जमा व्हायला लागतात. इन्सुली, डेगवे, पाडलोस, शेर्ले, विलवडे अशा गावांतून माणसं येतात. कुणाची बंदूक गोणपाटात गुंडाळलेली, कुणाची जुन्या लुगड्यात, कुणाची मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर आडवी. विधानसभा असेल तर भात पिकून पिवळं झालेलं असतं, लोकसभा असेल तर काजू-आंब्याचा ऐन मोसम. आचारसंहिता माकडांना लागू नाही, हा विनोद आमच्याकडे दर पाच वर्षांनी नव्याने होतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रं ओढून घेऊ नका, तपासणी समितीने एकेक परवानाधारक पारखावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं. तरी शेतकऱ्याची खेप काही चुकत नाही.

या रांगेत उभं राहून बंदुका न्याहाळाव्यात. परवान्यावर त्यांची जात तीन-चार अक्षरांत लिहिलेली असते. एस.बी.एम.एल. म्हणजे एकनळी ठासणीची, एस.बी.बी.एल. म्हणजे एकनळी काडतुसी, डी.बी.बी.एल. म्हणजे दुनळी. ही बहुतेक शेतीसंरक्षणाची हत्यारं. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 शेतीरक्षणासाठी आधी ठासणीच्या बंदुकीचाच विचार करायला सांगतं, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच पुढची पायरी. शेजारचे आबा या कायद्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतात, ‘मारूचा कोणाक आसा? आवाज झालो की झाला.’ आणि मारायचं म्हटलं तर वन्यजीव कायदा आडवा आहेच.

पण बंदुकीचा विषय निघाला की हेच आबा एका सावंतवाडीकर इनामदाराच्या इंग्लिश दुनळीचं वर्णन करताना डोळे मिटतात. पर्डी, वेब्ली, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स ही नावं आपल्याकडे दागिन्यासारखी उच्चारली जातात. 1980 च्या दशकात खासगी आयात जवळजवळ थांबली आणि ही जुनी विलायती हत्यारं आणखी महाग झाली. त्या नावांच्या कारागिरीबद्दल शंका नाही. पण कोकणातल्या बागायतीत आयुष्यभर राबलेल्या बंदुका फार वेगळ्या माणसांनी बनवल्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही.

आधी बेल्जियमचं लिएज घेऊ. जुन्या एकनळीच्या नळीखाली, लाकडाच्या आत दडलेला भाग उघडला की कधी कधी एक लंबगोल छाप सापडतो. त्यात ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली चांदणी. ही लिएजच्या परीक्षागृहाची खूण. ते परीक्षागृह 1672 चं, बर्मिंगहॅमच्या 1813 च्या परीक्षागृहाच्या कितीतरी आधीचं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा आणि नळी टिकली तरच छाप मारायचा. लिएजच्या आसपास बंदूक एका छपराखाली तयारच होत नसे. वेस्द्र नदीच्या खोऱ्यात नळ्या घडत, दुसऱ्या घरात चाप-घोड्याचा संच, तिसऱ्या घरात अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, चौथ्या घरी बायका नक्षी कोरत. शेवटी एखादा व्यापारी सगळे भाग गोळा करून जुळवी आणि वर नाव टाकी. नाव म्हणजे गिऱ्हाईक सांगेल ते! म्हणून वेस्टली रिचर्ड्सच्या जागी नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ कोरलेली बेल्जियन बंदूक जगभर सापडते. इंग्रज कारखानदार यावर चिडत आणि स्वस्त माल म्हणून नाक मुरडत. माझं मत विचाराल तर ज्या बंदुकीची नळी सरकारी परीक्षेत पास झाली आणि जिची किंमत शेतकऱ्याला परवडली, तिला नक्कल म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. नाव खोटं होतं, नळी खरी होती.

याच लिएजच्या दारात, हेर्स्टाल गावी, 1889 मध्ये एक कारखाना उभा राहिला. त्याला लोक एफ.एन. म्हणतात. मराठी माणसाने हे नाव क्वचित ऐकलेलं असतं, त्याचा माल मात्र इतिहासात ठाऊक आहे. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होतं. ब्राउनिंग हा अमेरिकी संशोधक आणि त्याची पिस्तुलं घडवणारा कारखाना हेर्स्टालचा. पुढे आपल्या लष्कराच्या आणि पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली एस.एल.आर. रायफलसुद्धा एफ.एन.च्याच आराखड्यावरून बंगालमधल्या इशापूरला बनली.

लिएज दूर आहे. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि सगळ्यात दुर्लक्षित बंदूकवाले तिथलेच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांदा हे तेरेखोलच्या काठचं आदिलशाही बंदर होतं. दुआर्त बार्बोसाने आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे. गोवाही आदिलशहाकडेच होता. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने तो कायमचा घेतला आणि आदिलशाहीची शस्त्रशाळा व तिथले कारागीर त्याच्या हाती आले. 1513 मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की इथले लोक बोहेमियाच्या उस्तादांच्या तोडीच्या बंदुका करतात. त्या काळी बोहेमिया म्हणजे युरोपातली बंदुकीची पंढरी. जिंकणाऱ्याने जिंकलेल्या गावच्या लोहाराला दिलेलं हे प्रशस्तिपत्र आहे, तेही राजाला.

ही तोड्याची बंदूक. जळती वात पकडणारा वाकडा घोडा, आणि चाप ओढताच स्प्रिंगच्या झटक्याने तो कानावर आदळतो. गोव्यात जमलेल्या या घडणीची पिलावळ पुढे पूर्वेला पसरली, असं अनेक अभ्यासक मानतात. 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर चिनी जहाजातून उतरलेल्या पोर्तुगीजांकडून तिथल्या सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला नमुना करायला बसवलं. जपानी बंदुकीचा घोडा तसाच झटक्याने पडतो. युरोपात त्याच सुमारास दुसरी रीत रूढ होती, म्हणून बोट गोवा-मलाक्क्याकडे जातं. 1575 च्या नागाशिनोच्या लढाईत ओडा नोबुनागाच्या बंदुकधाऱ्यांनी ताकेदांच्या घोडदळाचा धुव्वा उडवला. जपानी सिनेमाने ती लढाई जगाला दाखवली. गोव्याच्या लोहारांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि पणजीतल्या पर्यटकाला कुणी हे सांगतही नाही.

मराठ्यांकडे हाच प्रकार. महादजी शिंद्यांच्या पदरी बेन्वा द बॉइन्य होता हे शाळेतही शिकवतात. त्याच्या पलटणींना बंदुका आणि तोफा पुरवणारा सँग्स्टर हा स्कॉटिश माणूस कुणाला आठवत नाही. आग्र्याच्या कारखान्यात तो दहा रुपयाला एक याप्रमाणे बंदुका काढून देई, आणि त्या घडवणारे हात अर्थातच हिंदुस्थानी होते. 1803 मध्ये आसईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, तेव्हा त्यांची घडण पाहून इंग्रज सेनापती वेलस्ली थक्क झाला आणि आपल्या सैन्याला चालतील असं त्याने लिहून ठेवलं. लढाई हरली म्हणून कारखाना वाईट ठरत नाही, एवढं तरी आपल्या इतिहासलेखनाने मान्य करायला हवं.

मग इंग्रजांचं राज्य आलं. 1869 मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. काडतुसाच्या पितळी बुडावर के.एफ. ही अक्षरं दिसली की माल खडकीचा समजावा. काडतुसी बंदूक बाळगणाऱ्या कोकणी बागायतदाराच्या घरात ‘शक्तिमान’ काडतुसांचा खोका असायचा, तोही खडकीचाच. 1964 मध्ये भुसावळजवळ वरणगावला दुसरा कारखाना आला. इतक्या घरांत गेलेल्या या मालाला आपण ब्रँड म्हणून कधी पाहिलंच नाही. ‘सरकारी काडतूस’ एवढीच त्याची ओळख. विलायती काडतुसाची पेटी मात्र आबांनी सुपारीच्या हडप्यात अजून जपली आहे, रिकामी.

इशापूरच्या रायफल कारखान्यावर तर दुहेरी अन्याय. लष्करी बोअरची रायफल सामान्य नागरिकाच्या हाती नको, म्हणून .303 वर बंदी आली, त्यातून .315 ही तिची नागरी बहीण जन्मली. जंगलखात्यात, चहामळ्यांत आणि चंबळच्या खोऱ्यात दिसायची ती हीच. शिकारकथांमध्ये मात्र रिग्बी आणि हॉलंड अँड हॉलंड भाव खाऊन जातात. दुसरा अन्याय 2ए1 या रायफलीवर. 1962 च्या चीन युद्धानंतर हत्यारांची चणचण होती. तेव्हा इशापूरने जुन्या ली-एन्फील्डचा सांगाडा चांगल्या पोलादात नव्याने घडवला आणि 7.62 च्या काडतुसाला जुळवला. नेहमीच्या पायदळासाठी आखलेली जगातली बहुधा ही शेवटची हाताने खटका ओढायची रायफल. अमेरिकेत जुन्या हत्यारांचे शौकीन तिला शोधून विकत घेतात आणि आपल्याकडे तिचं नाव घेतलं की लोक गावठी समजतात.

कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर थोडं प्रसिद्ध आहे. 2014 मध्ये ‘निर्भीक’ हे महिलांसाठी म्हणून काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला रात्री आठनंतर शहरात एकटीने बसस्टॉपवर उभं राहावं लागतं, तिच्याकडे सव्वा लाख असते तर ती बसस्टॉपवर कशाला उभी राहिली असती? 1 ऑक्टोबर 2021 ला हे सगळे सरकारी कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आली आणि बंदुका ए.डब्ल्यू.ई.आय.एल. नावाच्या कानपूरच्या कंपनीकडे गेल्या. हे नाव तोंडात बसायला अजून एक पिढी जाईल.

बिहारमधल्या मुंगेरचं काय झालं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण परवान्यावरची एस.बी.बी.एल. ही अक्षरं बहुतेक वेळा तिथल्या मालाकडेच बोट दाखवतात. बंगालच्या मीर कासिमने 1760 च्या दशकात राजधानी मुंगेरला हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीने तिथे शस्त्रशाळा उभारली. राजधानी गेली, कारागीर राहिले. स्वातंत्र्यानंतर एका आवारात तीसहून अधिक परवानाधारक लहान कारखाने आले. प्रत्येकाला वर्षाला किती बंदुका काढायच्या याचा कोटा होता, आणि काय काढायचं तेही ठरलेलं होतं, एकनळी नाही तर दुनळी. नवं काही करून पाहायला वावच नव्हता. परवाने मिळेनासे झाले तशी गिऱ्हाइकं आटली, कोटा कागदावर राहिला आणि हातातलं कसब गल्लीबोळांतल्या बेकायदा धंद्याकडे वळलं. आता मुंगेर म्हटलं की वर्तमानपत्रवाल्याला कट्टा आठवतो. कायदेशीर कारागिराला आपण जगू दिलं नाही आणि बेकायदा कारागिराची बातमी करत बसलो, असा याचा सरळ हिशेब आहे. जम्मूतल्या लहान बंदूकवाल्यांचीही गत फार वेगळी नाही.

बंदूक कारखान्यांची काही नावं तर आपल्या अंगणात आहेत, फक्त आपण ती ओळखत नाही. बांद्याच्या बाजारात दुडदुडणाऱ्या बुलेटच्या टाकीवरचं एन्फील्ड हे नाव लंडनजवळच्या सरकारी रायफल कारखान्याचं. रेडिचच्या सायकलवाल्यांना त्या कारखान्याच्या सुट्या भागांचं काम मिळालं आणि त्यांनी नाव उचललं. बी.एस.ए. सायकल म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. जावा मोटारसायकल काढणारा यानेचेक हा मुळात हातगोळे बनवणारा माणूस. काजूच्या बागेत गवत कापणारं केशरी हुस्कवर्ना यंत्र ज्या स्वीडिश कंपनीचं, ती 1689 मध्ये राजाच्या बंदुका बनवायला सुरू झाली. आणि रेमिंग्टन! 1816 पासून बंदुका बनवणाऱ्या या अमेरिकी घराण्याने 1873 मध्ये टंकलेखन यंत्र बनवायला घेतलं. पुढे ते खातं विकलंही, पण नाव चिकटून राहिलं. सावंतवाडीच्या कचेरीबाहेर बसून ज्यांनी शेतीसंरक्षण परवान्याचे अर्ज टंकले, त्यांची बोटं रेमिंग्टनच्या कळफलकावरच घडली होती. बंदूकवाली रेमिंग्टन दोनदा दिवाळखोरीत गेली, तिचा इलियनचा जुना कारखाना 2024 मध्ये बंद झाला. मराठी टायपिंगमध्ये ती जिवंत आहे.

खेळाच्या बंदुकांचा भाग थोडक्यात. 2010 मध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसळे, दोघं कोल्हापूरकडचे. या पातळीवर वापरली जाणारी हत्यारं जर्मन, स्विस, इटालियन कंपन्यांची असतात, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, मोरिनी वगैरे. आपल्याकडची एक नोंद मात्र घ्यायला हवी. प्रेसिहोल ही कंपनी मुळात पोलादात खोल, सरळ भोक पाडणारी यंत्रं बनवते. बंदुकीची नळी म्हणजे शेवटी तेच, म्हणून तिने एअर रायफली काढल्या आणि जिल्हा पातळीवरच्या मुलांना परदेशी रायफलीच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत सराव करता येऊ लागला. 20 ज्यूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून बागायतदारही तीच घेऊ लागले आहेत. ‘तेचो आवाज माकडांक ऐकाक येना,’ ही आबांची तक्रार.

ठासणी बिघडली तर आबांपुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे गावचा लोहार हात लावत नाही, आणि परवानाधारक दुरुस्तीवाला गाठेपर्यंत अर्धा मोसम सरतो. मुलगा गोव्यात नोकरीला. परवाना आपल्या नावावर करून घ्यायला तो तयार नाही. इकडे खासगी कारखान्यांना दारं उघडल्यापासून बंगळूरची एस.एस.एस. डिफेन्स स्नायपर रायफली बनवते आहे आणि खुद्द वेब्लीच्या नावाने उत्तर प्रदेशातल्या संडीला येथे कारखाना निघाला आहे. त्यांचं गिऱ्हाईक लष्कर, पोलीस आणि शहरातला पैसेवाला. ठासणी या दोघांच्याही यादीत नाही. कलम 13 मध्ये मात्र शेतकऱ्यासाठी तिचं नाव अजून आधी येतं.