बर्फावरची जुंपणी

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं इटोकोर्टूरमीट हे जेमतेम साडेतीनशे वस्तीचं गाव. १९२५ साली वसलेलं. वर्षातला बराचसा काळ समुद्र गोठलेला; मालाचं जहाज येतं ते उन्हाळ्यात. इथला कुत्रा लाडाकोडाचा नाही, कामाचा गडी आहे. घरात त्याला थारा नाही. घराबाहेर साखळीला बांधलेला, बर्फात मुटकुळं करून झोपलेला दिसतो. पिल्लं मात्र गावभर उंडारतात. रात्री अस्वल जवळ आलं की आधी बांधलेली कुत्रीच कल्लोळ करतात.

मला सगळ्यात गंमत वाटली ती जुंपण्याची. बैलांसारखी जोडी नाही. प्रत्येक कुत्र्याची दोरी वेगळी, सगळी पंख्यासारखी पसरून धावतात. जंगलवाटेवर हे जमायचं नाही, पण मोकळ्या सागरी बर्फावर हाच शहाणपणा. भेगेत एक पडला तरी इतर त्याच्यामागोमाग ओढले जात नाहीत. धावताना ती सतत जागा बदलतात, त्यामुळे दोऱ्यांची घट्ट वेणी होते. ती सोडवायची तर हातमोजे काढावे लागतात, तेही हाडं गोठवणाऱ्या थंडीत! हौशी पाहुण्याने त्यात हात न घातलेला बरा.

कुत्र्यांचं खाणं म्हणजे सीलचं मांस, चरबी. आता स्नोमोबाइल आली, तरी शिकाऱ्यांचा भरवसा कुत्र्यांवरच जास्त. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार? जातीची शुद्धता जपायला कायदाही कडक आहे: या भागात दुसऱ्या जातीचा कुत्रा आणता येत नाही आणि इथून बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही.